मॅच रायफल एवढी महाग का?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं. पण मुलांना नेमबाजीला घालणाऱ्या पालकांना पहिला धक्का किमतीचाच बसतो.

हिशेब सरळ आहे. समजा, साचे आणि मशीनच्या मांडणीला 10 लाख लागले. 10,000 नग काढले तर नगामागे 100 रुपये पडतात; 100 च काढले तर 10,000. अमेरिकेची रुगर 10/22 ही 1964 पासून लाखोंनी खपली. जर्मनीच्या अन्शुट्झच्या मॅच रायफलीला गिऱ्हाईक मोजकंच.

शिवाय बॅरल गोळ्या झाडून तपासायचं, ट्रिगर बारकाईनं जुळवायचा. कारण 50 मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचं! आयातीचा खर्च वेगळाच. म्हणून सुरुवात क्लबच्या रायफलीवर करावी. गुण स्थिरावले की मगच खरेदी.