काजळी : चेतकपासून हायब्रिडपर्यंत

ज्यांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत पुण्यात स्कूटर चालवली, त्यांना काजळी म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. बजाज ऑटोची चेतक १९७२ मध्ये आली, त्याच वर्षी फिरोदियांची लूना आली, आणि दोघींची इंजिने टू-स्ट्रोक होती. या इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळून घालावे लागते. पेट्रोल चटकन जळते, तेल मात्र अर्धवट जळते आणि कार्बन मागे ठेवते. म्हणून स्कूटरच्या डिकीत प्लगपाना आणि पॉलिशपेपरचा तुकडा असायचाच. गाडी सुरू होईना, की प्लग काढायचा, टोकावरचा काळा थर घासायचा आणि पुन्हा किक मारायची. दोन टोकांमधल्या फटीत कार्बन साचला की ठिणगी पडतच नाही, कारण कार्बन विजेचा वाहक आहे. हे वाक्य आपण वर्गात ग्रॅफाइटच्या संदर्भात सांगतो. पुणेकरांनी ते रस्त्याच्या कडेला उभे राहून सिद्ध केले.

वर्षा-दोन वर्षांनी पाळी सायलेन्सरची येई. तो आतून इतका भरे, की धूर बाहेर पडायला वाट उरत नसे आणि गाडी चढावर दम टाकी. मग गॅरेजवाला सायलेन्सर काढून सरळ जाळात ठेवायचा. कार्बन अखेर इंधनच. पुरेशी उष्णता आणि हवा मिळाली की तो कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो.

टू-स्ट्रोक इंजिनाची आणखी एक गंमत पुढे उपयोगी पडणार आहे. त्यात जळलेला वायू पूर्ण बाहेर जात नाही. बराचसा सिलिंडरमध्येच रेंगाळतो आणि पुढच्या ज्वलनात भागीदार होतो. त्यामुळे ज्वाला थोडी थंड राहते. चेतक धूर ओकत असे, न जळलेले पेट्रोलही हवेत सोडत असे. पण नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र ती फारशी करत नसे.

ही ऑक्साइडे वाईट का, याचा शोध लॉस एंजेलिसमध्ये लागला. अननसाच्या स्वादाची रसायने तपासणारे हाखेन-स्मित हे मूळचे डच जीवरसायनशास्त्रज्ञ तिथल्या धुरक्याकडे वळले, आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दाखवून दिले की मोटारींतून येणारी हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे सूर्यप्रकाशात एकत्र आली की ओझोन तयार होतो. डोळ्यांची आग आणि छातीतली जळजळ यांचे मूळ तिथे होते. पण नायट्रोजन तर हवेचा चार-पंचमांश भाग! त्याला इंजिनात येण्यापासून कसे अडवणार? अडवता येते ते तापमान. नायट्रोजनच्या रेणूतला तिहेरी बंध सहजी तुटत नाही. ज्वालेचे तापमान दोन हजार अंशांच्या आसपास गेले, की मात्र ही ऑक्साइडे झपाट्याने वाढू लागतात.

तेव्हा अभियंत्यांनी चेतकमध्ये आपोआप घडणारी गोष्ट मुद्दाम घडवली. बाहेर जाणाऱ्या वायूचा थोडा भाग नळीने वळवून, झडपेतून मोजून, पुन्हा आत सोडला. या वायूतील कार्बन डायऑक्साइड आणि वाफ जळत नाहीत, पण उष्णता शोषतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील मोटारींना ही व्यवस्था बसू लागली. तिचे नाव ई.जी.आर.; मराठीत ‘धूर-फेरा’ म्हणायला हरकत नाही.

आता अडचण पाहा. धूर परत आत बोलावला, की त्याच्याबरोबर काजळीही येते. टोयोटाची प्रियस ही हायब्रिड गाडी जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये निघाली. तिच्या २००९ च्या तिसऱ्या पिढीत १.८ लिटरचे इंजिन होते आणि धूर थंड करून आत सोडणारा कूलर होता. धूर थंड असला की जास्त प्रमाणात घालता येतो आणि पेट्रोलही वाचते. पण हायब्रिडचे इंजिन सिग्नलला बंद पडते, उतारावर बंद पडते, पुन्हा सुरू होते. थंड नळीत वाफेचे पाणी होते, इंजिनातल्या तेलाचा धुरकट अंश त्यात मिसळतो, आणि कोरड्या काजळीचे चिकट डांबर होते. वापरलेल्या प्रियसचा कूलर आणि आतल्या अरुंद वाटा अशा भरलेल्या सापडतात. चार सिलिंडरांच्या वाटा सारख्या बुजत नाहीत; मग एकाला धूर कमी, दुसऱ्याला जास्त, आणि सकाळी इंजिन थरथरते.

वर्गात हे दाखवायला मेणबत्ती पुरते. थंड, कोरडी काचपट्टी ज्योतीच्या बरीच वर क्षणभर धरा : दव दिसेल. ज्योतीत धरा : काजळी. ती फडक्याने सहज पुसली जाते. दुसऱ्या पट्टीवरच्या काजळीत खोबरेल तेलाचा थेंब टाकून ती पुसायला सांगा. कूलरमध्ये काय होते ते मुलांना कळेल.

सफाईचा मार्ग जुनाच आहे : झडप, कूलर आणि मॅनिफोल्ड खोलायचे, द्रावकात भिजवायचे, ब्रशने घासायचे, नवे गॅस्केट घालून जोडायचे. हातमोजे हवेतच. काजळीमुळे धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे कर्करोग होतो, हे लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्येच नोंदवले होते. आणि ते काळे पाणी गॅरेजच्या गटारातून मुठेत जाऊ नये, हेही कुणीतरी पाहायला हवे.

दुसरा मार्ग स्वस्त आहे. नळीच्या तोंडाशी पत्र्याची चकती बसवायची, म्हणजे धूर-फेराच बंद. डिझेल गाड्यांच्या बाबतीत हा उद्योग विशेष चालतो, आणि मालक खूश होतो, कारण काजळी साचत नाही आणि गाडी हलकी वाटते. बी.एस. ४ मानकाने डिझेल मोटारीला किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडांची मुभा होती. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी.एस. ६ मध्ये ती ८० वर आली, पेट्रोलसाठी ६०. नवे मॉडेल विक्रीआधी प्रयोगशाळेत या मर्यादांवर तपासले जाते. वेताळ टेकडीवरची, १९६६ साली स्थापन झालेली ए.आर.ए.आय. ही संस्था हेच काम करते. पण विकलेली गाडी पुढे तपासली जाते ती पी.यू.सी. केंद्रात. तिथे पेट्रोलच्या गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बने मोजतात, डिझेलच्या गाडीच्या धुराची दाटी मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइडे मोजतच नाहीत. चकती बसवलेली डिझेल गाडी तर कमी काळा धूर सोडते, त्यामुळे या तपासणीत ती उलट अधिक चांगली दिसण्याची शक्यता असते.