सरासरी आणि शिवार



आमच्या मुरुमकडे पावसाळा सरला की तालुक्याच्या पावसाची सरासरी जाहीर होते. आकडा बरा असतो. पण एखाद्या शिवारात तूर वाळलेली असते, तर दुसरीकडे पाणी साचून पीक पिवळे पडलेले असते. सरासरी खोटी नसते. ती तालुक्याची असते, शेताची नसते, एवढेच. विज्ञानाच्या नियतकालिकांचेही असेच आहे.

शास्त्रज्ञ शोधनिबंध लिहितो, तेव्हा ज्यांच्या कामाचा आधार घेतला त्यांचा उल्लेख करतो. हे उल्लेख मोजण्याचा एक आरंभीचा प्रयत्न १९२७ साली अमेरिकेत ग्रॉस नावाच्या दोघा अभ्यासकांनी केला. प्रश्न साधा होता : लहान कॉलेजाच्या ग्रंथालयाने मोजक्या पैशांत रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके घ्यावीत? पुढे १९५५ साली युजीन गारफील्ड यांनी उल्लेखांच्या सूचीची कल्पना मांडली, आणि १९७५ पासून नियतकालिकांचे 'प्रभावांक' छापून येऊ लागले.

हिशेब असा. मागील दोन वर्षांत शंभर निबंध छापले आणि यंदा त्यांचे तीनशे उल्लेख झाले, तर प्रभावांक तीन. म्हणजे पुन्हा सरासरीच!

आता आपल्याकडचा दाखला घ्या. १९८५ साली फ्रान्समध्ये निकोलाऊ यांनी पातळ थर चढवण्याची एक सोपी रीत सांगितली. काचेची पट्टी धातूच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, पाण्यात खंगाळायची, मग गंधकयुक्त द्रावणात बुडवायची, पुन्हा खंगाळायची. दर फेरीला थर थोडा वाढतो. असे थर सौर विद्युतघटांना उपयोगी पडतात. या रीतीवरचे विखुरलेले काम कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील एच. एम. पठाण आणि सी. डी. लोखंडे यांनी एका निबंधात गोळा केले. तो २००४ साली 'बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स' या बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला.

या नियतकालिकाचा प्रभावांक जगातल्या बड्या नियतकालिकांपुढे लहानच. तरीही देशोदेशींच्या शेकडो निबंधांनी त्या एका निबंधाचा आधार घेतला. का? महागडे निर्वात यंत्र नसले तरी काही चंचुपात्रांवर हे काम होते. साध्या प्रयोगशाळेलाही ते पेलते. आणि गंमत पाहा : दोन वर्षांच्या त्या हिशेबात २००४ च्या निबंधाचे फक्त २००५ आणि २००६ मधले उल्लेख धरले जातात. दहा वर्षांनी कुणी त्याचा आधार घेतला, तर प्रभावांकात त्याची नोंदच नाही.

हे मी का सांगतो? बढतीची फाईल समोर असताना मलाही एक पत्र आले होते : पैसे भरा, आठवड्यात निबंध छापू, आमचा प्रभावांक मोठा आहे. मन डळमळले, हे कबूल करतो. पण निबंध कुणी तपासणार नव्हते, मग वाचणार तरी कोण? मी ते पत्र बाजूला ठेवले. बढती लांबली, आणि घरी त्याची बोलणीही खाल्ली.

२०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोला जमलेल्या संपादकांनी व अभ्यासकांनीही हेच म्हटले, की नियतकालिकाच्या अंकावरून माणसाच्या कामाची किंमत ठरवू नये. कॉलेजाच्या फडताळासाठी निघालेले माप माणसाला लावू लागलो, इथेच घोटाळा झाला.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमचा विद्यार्थी उद्या निबंध लिहील. त्याला अंक विचारण्याआधी निबंध वाचायला मागा. पीक पाहायचे तर शिवारात उतरावेच लागते.