दोन चांदूर आणि एक पिन

अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन आहेत, एकाच्या मागे बाजार लागले आणि दुसऱ्याच्या मागे रेल्वे. जिल्हा तोच असल्यामुळे पत्त्यावर नुसते 'चांदूर, जि. अमरावती' लिहून भागत नाही. धामणगाव रेल्वे, अंजनगाव सुर्जी, नांदगाव खंडेश्वर, कारंजा लाड अशी जोडनावे वऱ्हाडात जागोजागी आढळतात. त्यांतले 'रेल्वे' हे १८६७ मध्ये भुसावळहून नागपूरपर्यंत पोहोचलेल्या लोहमार्गाचे देणे. पण हा तोडगा मुलूख ठाऊक असणाऱ्याच्याच उपयोगाचा. दूरच्या टपाल कचेरीत भराभर हात चालवणाऱ्याला वऱ्हाडातले अकोला आणि अहिल्यानगरकडचे अकोले यांतला फरक एका अक्षरावरून कळावा, ही अपेक्षाच जास्तीची. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या, पत्त्यावर लिहायच्या पिन आकड्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर होते; टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. शब्दांत रमणाऱ्या माणसाने नाव बाजूला ठेवून आकडा पुढे केला, यातच त्याची जाण दिसते. नावाने माणसाला गाव ओळखू द्यावे आणि वाट आकड्याने ठरवावी, ही दोन कामे त्यांनी वेगळी केली.

यावर आक्षेप असा, की मग आकडे निदान जिल्ह्यांप्रमाणे तरी द्यायचे. बुलढाणा शहर ४४३००१, पण त्याच जिल्ह्यातले खामगाव ४४४३०३, म्हणजे अकोला-अमरावतीच्या रांगेत. गोंधळ वाटतो खरा, पण पहिले तीन आकडे टपालाच्या निवडीचा विभाग सांगतात, महसुली जिल्हा नव्हे. १९९८ मध्ये अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा निघाला तरी वाशिमचे ४४४५०५ तसेच राहिले. जिल्ह्यांवर बेतलेला आकडा तेव्हा बदलावा लागला असता. मग गावाचे नाव लिहायचेच कशाला? तर एक आकडा चुकला, की पत्र दुसऱ्याच खऱ्याखुऱ्या कचेरीत जाऊ शकते, आणि ती चूक नावामुळेच पकडली जाते.

नावाचे काम वेगळे आणि खुणेचे वेगळे, हे ईमेलवाल्यांना उशिरा उमगले. फोल्डरची उतरंड दाखवायला एक सर्व्हर टिंब वापरतो, दुसरा तिरकी रेघ, टिंबवाल्यावर 'जि.अमरावती' असा फोल्डर करायला जावे तर 'जि' नावाच्या फोल्डरच्या पोटात 'अमरावती' तयार होतो. पाठवलेल्या पत्रांचा फोल्डर कोणता, हेही प्रत्येक प्रोग्राम नावावरूनच ताडत असे. २०११ मध्ये सर्व्हरवरची पत्रे वाचण्याच्या आयमॅप या पद्धतीला अशा फोल्डरांसाठी वेगळ्या खुणा मिळाल्या. ही सोय असलेल्या सर्व्हरवर आता फोल्डरचे नाव खुशाल 'धाडलेली पत्रं' ठेवावे.