कोल्हापूरच्या रुळांचे आणि रस्त्यांचे पैसे कुणी दिले?

१७ ऑक्टोबर २०१३. कोल्हापूर शहराच्या वेशीवरील नऊ नाक्यांवर पोलीस बंदोबस्तात टोलवसुली सुरू झाली. शहरातील सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांवर झालेल्या खर्चाची ही फेड होती आणि ती ३० वर्षे चालायची होती. प्रत्यक्षात सव्वादोन वर्षांतच ती गुंडाळावी लागली. असे का झाले, हे कळण्यासाठी पैशाचा माग काढावा लागतो, आणि कोल्हापुरात तो संस्थानकाळापर्यंत मागे नेता येतो.

१८८०च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेचा मार्ग मिरजेला पोहोचला. करवीर मात्र तेथून सुमारे ४७ किलोमीटर बाजूला राहिले. ब्रिटिश हिंदुस्थानात सुरुवातीच्या लोहमार्गांची रीत ठरलेली होती: भांडवल इंग्लंडमधील भागधारकांचे आणि त्यावरील परताव्याची हमी सरकारची. जीआयपी रेल्वेला ५ टक्क्यांची हमी होती; उत्पन्न कमी पडले, तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघे. नफा भागधारकांचा, धोका रयतेचा.

कोल्हापूर दरबाराने दुसरी वाट धरली. मिरज-कोल्हापूर मार्ग संस्थानाच्या पैशाने बांधला, मालकी दरबाराकडेच ठेवली आणि गाड्या चालवण्याचे काम तेवढे सदर्न मराठा रेल्वेकडे दिले. १८८८ मध्ये कामाचा आरंभ झाला, १८९१ मध्ये गाडी धावू लागली.

येथे एक गैरसमज दूर केलेला बरा. ही रेल्वे शाहू महाराजांची योजना म्हणून सर्रास सांगितली जाते. आरंभसमारंभाच्या वेळी महाराज जेमतेम चौदा वर्षांचे होते. राज्याधिकार त्यांच्या हाती आले ते १८९४ मध्ये. रेल्वेचा निर्णय त्यांच्या अल्पवयातील कारभाऱ्यांचा. महाराजांचे कर्तृत्व त्यापुढचे आहे आणि ते अधिक मोलाचे आहे: स्थानकालगत शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवून त्यांनी कोल्हापूरचा गूळ रुळांशी जोडला. रेल्वेसाठी रयतेला कुणी विचारले नव्हते, हे खरेच. पण खर्च कुणाचा आणि मालमत्ता कुणाची, याबद्दल संदिग्धता नव्हती.

आता एकविसाव्या शतकाकडे. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राने शहरांच्या पायाभूत सुविधांसाठी जवाहरलाल नेहरूंच्या नावाने पुनर्निर्माण अभियान सुरू केले. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि नांदेड ही शहरे त्यात आली. २००१च्या जनगणनेनुसार पाच लाखांच्या आत लोकसंख्या असलेले कोल्हापूर त्या यादीत नव्हते. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांची वाहने, उसाच्या गाड्या, औद्योगिक वसाहतींची मालवाहतूक हे सारे पेलायचे आणि तिजोरी मात्र मध्यम शहराची, अशी महापालिकेची कोंडी होती.

त्यातून २००८चा त्रिपक्षीय करार झाला: महापालिका, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि आयआरबी कंपनी. रचना ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या पद्धतीची होती. २२० कोटींचा प्रकल्प कंपनीने उभारायचा आणि टोलमधून खर्च वसूल करायचा. शिवाय टेंबलाईवाडीचा सुमारे ३०,००० चौरस मीटरचा भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायचा. कागदावर महापालिकेला रस्ते जवळजवळ फुकट मिळत होते. कराराची खरी फसगत या ‘फुकट’ शब्दातच होती.

कारण हा महामार्ग नव्हता. महामार्गावरचा टोल प्रवासी वर्षातून काही वेळा देतो. येथे तो रोजच्या जगण्यावर बसणार होता. त्यात कोल्हापूरची एक खासियत अशी की, १९७२ मध्ये महापालिका झाल्यापासून तोवर शहराची हद्द एकदाही वाढली नव्हती. शहरात कामाला येणारे, दूध-भाजी आणणारे, दवाखान्यात येणारे असंख्य लोक हद्दीबाहेरच्या गावांतले. नाके नेमके त्यांच्या वाटेवर उभे राहिले. अपुरी कामे आणि कामाचा दर्जा यांच्या तक्रारी होत्याच.

सर्वपक्षीय कृती समितीच्या आंदोलनाला ज्येष्ठांचे नेतृत्व लाभले: शेतकरी कामगार पक्षाचे प्रा. एन. डी. पाटील आणि भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे गोविंद पानसरे. मोर्चे निघाले, उपोषणे झाली. जानेवारी २०१४ मध्ये मंत्र्यांच्या आश्वासनानंतर उपोषण सुटले. पण दुसऱ्या दिवशीही वसुली चालूच दिसली, आणि जमावाने नाके पेटवले. फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने वसुलीला स्थगिती दिली, मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली, आणि नाके पुन्हा सुरू झाले. कायद्याच्या बाजूने पाहता करार भक्कम होता. म्हणूनच हा प्रश्न अखेर न्यायालयात नव्हे, मंत्रालयात सुटला.

१६ फेब्रुवारी २०१५ रोजी पानसरे यांच्यावर कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्य सरकारने कोल्हापूरचा टोल रद्द केल्याचे जाहीर केले.

पण टोल रद्द झाला म्हणून देणे रद्द झाले नाही. रस्त्यांचे मूल्यांकन झाले आणि कंपनीला साडेचारशे कोटींहून अधिक रक्कम देण्याचे राज्य सरकारने मान्य केले. २२० कोटींच्या रस्त्यांची किंमत अखेर सार्वजनिक तिजोरीवरच आली, तीही दुपटीहून अधिक. आणि त्यात कोल्हापूरचा रस्ता कधीही न पाहिलेल्या, चंद्रपूर-गडचिरोलीच्या करदात्याचाही वाटा होता.