बॅज तंत्रज्ञाला, मग पेशंटचं काय?

एक्स-रे काढताना तंत्रज्ञ आडोशाला जातो, आणि त्याच्या छातीवर एक छोटा बॅज असतो. त्याला किती किरणं लागली, हे त्या बॅजवरून कळतं. पण किरणं तर आपल्या अंगातून गेली, आपला हिशोब कोण ठेवतं? आजचा भाग त्यावर.

१८९५ मध्ये राँटजेनने क्ष-किरण शोधले आणि लगेच दवाखान्यांत त्यांचा वापर सुरू झाला. मोजमाप मात्र नव्हतं. ट्यूब नीट चालतेय का, हे डॉक्टर स्वतःचा हात मध्ये धरून बघायचे! कातडी किती लाल झाली, यावरून डोसचा अंदाज. एडिसनचा सहाय्यक क्लॅरेन्स डॅली १९०४ मध्ये याच किरणांमुळे गेला. १९२८ साली स्टॉकहोमच्या परिषदेत ‘राँटजेन’ हे एकक ठरलं. १९३६ मध्ये हॅम्बुर्गला स्मारक उभं राहिलं, त्यावर १६९ नावं होती. सगळी क्ष-किरण आणि रेडियमवर काम करणाऱ्यांची.

पेशंटची पाळी यायला बराच वेळ लागला. मला सगळ्यात भारी वाटते ती इंग्लंडची गोष्ट. १९८० च्या दशकात तिथल्या नॅशनल रेडिओलॉजिकल प्रोटेक्शन बोर्डाने २० हॉस्पिटलं निवडली आणि नेहमीच्या तपासण्यांना आलेल्या प्रौढ पेशंटचे डोस मोजले. पद्धत साधी होती. किरणं जिथून शरीरात शिरतात, तिथे कातडीवर एक चिमुकली पुडी चिकटवायची. आतला पदार्थ किरणांची ऊर्जा धरून ठेवतो, आणि नंतर तापवला की उजेड सोडतो. जितका उजेड, तितका डोस. प्रौढच का? माणूस जाड असेल तर किरणं जास्त लागतात, लहान मुलांचं गणित वेगळंच. म्हणून पुढे नियम असा झाला, की निदान दहा प्रौढ घ्या, त्यांचं सरासरी वजन ७० किलोच्या आसपास ठेवा.

निकाल बघून लोक चाट पडले. तीच तपासणी, तसाच माणूस, पण एका हॉस्पिटलमधला डोस दुसऱ्याच्या कित्येक पट! कारणं तशी घरगुतीच. कुठे जुनी, मंद फिल्म, कुठे व्होल्टेज कमी ठेवायची सवय. कुणी मुद्दाम काही करत नव्हतं, पण शेजारच्या गावात किती डोस देतात हे कुणाला माहीतच नव्हतं.

मग मर्यादा घातली का? नाही. गरज असेल तर एक्स-रे काढावाच लागतो, त्याला कमाल आकडा कसा लावणार? त्यांनी हॉस्पिटलांचे सरासरी डोस चढत्या क्रमाने लावले आणि तीन-चतुर्थांशावर रेघ मारली. रेघेच्या वर असाल तर कारण शोधा, बस्स. (आम्ही सर्व्हरचा वेग असाच बघतो, त्यामुळे मला हे लगेच पटलं.) छातीच्या समोरच्या फोटोला ही रेघ ०.३ मिलिग्रेवर आली, कमरेच्या मणक्याच्या बाजूच्या फोटोला ३० वर. म्हणजे शंभर पट फरक, आणि आपण दोन्हीला नुसतं ‘एक्स-रे’ म्हणतो.

२००० च्या आढाव्यापर्यंत या रेघा जवळपास निम्म्यावर उतरल्या. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने ही कल्पना उचलली.

पण तोवर डिजिटल मशीन येऊ लागली होती. फिल्मवर डोस जास्त झाला की फोटो काळा पडायचा, चूक दिसायची. डिजिटलमध्ये जास्त डोसने फोटो उलट अजून स्वच्छ येतो. बघून कुणाला शंकाही येत नाही, म्हणून मोजणं चालूच आहे.