वाळवंटातले कान

रोमेल म्हटला की डोळ्यांपुढे रणगाडे येतात. ‘वाळवंटातील कोल्हा’ हे त्याचे बिरूद तर शाळकरी पोरांनाही पाठ! पण या कोल्ह्याचे कान मात्र एका लहानशा तुकडीत होते. जर्मन सैन्याची ही ६२१ वी श्रवण कंपनी. तिचा प्रमुख कॅप्टन झेबोम. बंदूक चालवणे हे तिचे काम नव्हे. इंग्रजांचे बिनतारी बोलणे ऐकायचे, टिपायचे आणि कोणती पलटण कोठे सरकते ते ताडायचे, एवढेच. आणि इंग्रज बोलतही होते मोकळेपणाने, आपल्याच ओसरीवर बसल्यासारखे!

जोडीला दैवही अनुकूल होते. कैरोतील अमेरिकन लष्करी प्रतिनिधी कर्नल फेलर्स इंग्रज फौजेची बित्तंबातमी सांकेतिक लिपीत वॉशिंग्टनला कळवी. ती लिपी इटालियन हेरांनी १९४१ साली रोमच्या अमेरिकन वकिलातीतून चोरून उतरवून घेतली होती. म्हणजे घराची दोन्ही दारे सताड उघडी!

२१ जून १९४२ रोजी तोब्रुक पडले. तीस हजारांवर सैनिक कैद झाले. त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची एक पलटणही होती. तोब्रुक केवळ या चोरट्या कानांनी घेतले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्या उन्हाळ्यात रोमेलला शत्रूचा डाव बराच आधी कळे, हे खरे.

जूनअखेर अमेरिकनांनी लिपी बदलली. एक दार लागले. दुसरे लागले १० जुलैच्या पहाटे. जवळच्या पल्ल्याचे बोलणे ऐकायचे तर आघाडीलगत राहणे भाग. म्हणून ही कंपनी समुद्रकाठी, तेल-एल-इसापाशी, इटालियन फळीच्या मागे तळ देऊन होती. ऑस्ट्रेलियन तुकड्या चालून आल्या, इटालियन फळी फुटली आणि कारकुनी करणाऱ्या या माणसांना हाती बंदुका घ्याव्या लागल्या. झेबोम जबर जखमी झाला आणि पुढे मरण पावला. उरलेले बहुतेक कैद झाले. रोमेल त्या वेळी आघाडीच्या दक्षिण टोकाला होता. बातमी कळताच तो संतापला म्हणतात.

पण माणसांपेक्षा कागद मोलाचे ठरले. कंपनीची दप्तरे इंग्रजांनी चाळली, तेव्हा आपलीच बडबड त्यांत व्यवस्थित नोंदलेली पाहून ते चकित झाले. मग बिनतारी शिस्त कडक झाली. इतकेच नव्हे, तर शत्रू ऐकतो आहे हे धरून खोटे संदेशही सोडले जाऊ लागले. २३ ऑक्टोबरच्या रात्री अल-अलामीनला आठशेंहून अधिक तोफा एकदम धडाडल्या, तेव्हा रोमेल ऑस्ट्रियात औषधोपचार घेत होता.