टी-शर्ट छपाई : हीट ट्रान्सफर विनाइल आणि सब्लिमेशन

टी-शर्ट, जर्सी, टोपी अशा कपड्यांवर मोजक्या नगांसाठी नाव, क्रमांक, बोधचिन्ह किंवा चित्र उमटवण्याच्या दोन पद्धती. दोन्हींना हीट प्रेस, म्हणजे गरम पाटाचे दाबयंत्र लागते. एकाच दुकानात, एकाच टेबलावर दोन्ही कामे चालतात आणि गिऱ्हाईक दोन्हींना सरसकट ‘प्रिंटिंग’ म्हणते. प्रत्यक्षात त्यांचे तत्त्व अगदी वेगळे आहे. विनाइलमध्ये रंगीत प्लास्टिकचा पातळ पापुद्रा कापडाला चिकटवतात. सब्लिमेशनमध्ये रंग वायुरूप होऊन धाग्याच्या आत शिरतो. एकात रंग कापडावर बसतो, दुसऱ्यात कापडच रंगते. स्पर्श, टिकाऊपणा, रंगांची मर्यादा, खर्च हे पुढचे सगळे फरक यातूनच निघतात. त्यामुळे ‘दोघांत चांगली पद्धत कोणती?’ या प्रश्नाआधी ‘कापड कोणते?’ हे विचारावे लागते.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी बनवावी लागते. एकच चित्र शेकडो कपड्यांवर हवे असेल तेव्हा ती परवडते. पण पंधरा जर्सी आणि प्रत्येकीवर वेगळे नाव, वेगळा क्रमांक असे काम आले की जाळीचा उपयोग नसतो. या दोन पद्धतींचे खरे क्षेत्र तेच.

पूर्वपीठिका : सब्लिमेशनची मुळे कृत्रिम धाग्यांच्या इतिहासात आहेत. १९२० च्या दशकात सेल्युलोज ॲसिटेट हा नवा धागा बाजारात आला, पण सुती कापडाचे नेहमीचे रंग तो धरीना. त्यासाठी पाण्यात न विरघळणारे, अतिसूक्ष्म कणांच्या रूपात पाण्यात पसरवून वापरायचे डिस्पर्स रंग तयार झाले. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिन्फील्ड आणि डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा धागा बनवला, आणि हेच रंग त्यालाही लागू पडले. हे रंग तापवले की कागदावरून थेट कापडात जाऊ शकतात, या गुणावर आधारलेल्या छपाईचे श्रेय फ्रान्समधील रूबे या कापडगिरण्यांच्या शहरात काम करणाऱ्या नोएल द प्लास यांना दिले जाते, साल १९५७. १९७० च्या दशकात पॉलिएस्टरच्या कपड्यांची लाट आली तेव्हा हे तंत्र गिरण्यांत रुजले. पुढे इंकजेट प्रिंटर स्वस्त झाले आणि ते गल्लीतल्या दुकानात पोहोचले. इस्त्रीने चिकटवायची अक्षरेही १९७० च्या दशकात अमेरिकेत टी-शर्टवर लोकप्रिय होती. संगणकावरून आकार कापणारी यंत्रे त्यानंतरच्या दशकात पाट्या रंगवण्याच्या धंद्यात आली, आणि विनाइलचे आजचे रूप त्यातून घडले.

महाराष्ट्रात गाड्यांच्या काचांवरची नावे आणि स्टिकर कापणाऱ्यांना ‘रेडियमवाला’ म्हणतात. त्या स्टिकरमध्ये रेडियम नसते, पण नाव पक्के झाले आहे. टी-शर्टचे विनाइल कापणारा प्लॉटर त्याच जातीचा असतो. रेडियमवाल्याने हीट प्रेस घेतला की तो टी-शर्टही करू लागतो.

विनाइलची रीत : या विनाइलला तीन थर असतात. वर पारदर्शक आधारफिल्म, मध्ये रंगाचा थर, खाली उष्णतेने वितळणारा गोंद. रंगाचा थर पूर्वी प्रामुख्याने पीव्हीसीचा असे. आता पातळ, लवचिक पॉलियुरेथेनचा माल जास्त पसंत केला जातो. विनाइल गोंदाच्या बाजूने कापायचे असल्यामुळे आकृती आरशातल्यासारखी उलटी करून यंत्राला द्यावी लागते. पात्याने विनाइल कापले पाहिजे, पण आधारफिल्म शाबूत राहिली पाहिजे. नवा रोल लावला की कसबी माणूस आधी कोपऱ्यात छोटासा चौकोन कापून पाहतो आणि पात्याची खोली जुळवतो.

कापल्यानंतर नको असलेला भाग चिमट्याने सोलून काढायचा. याला ‘वीडिंग’ म्हणतात, आणि विनाइलच्या कामातला बहुतेक वेळ इथे जातो. देवनागरीत हे काम एका बाजूने सोपे, एका बाजूने अवघड असते. शिरोरेषेमुळे अख्खे नाव एका तुकड्यात येते. ‘सचिन’ कापले की तीन अक्षरे सुटी सुटी होत नाहीत, कापडावर नाव वाकडे लागण्याची भीती कमी. पण फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. संगणकावर ते आकार आधी एकजीव केले नाहीत तर पाते प्रत्येक जोडावर उभी चीर देते आणि सोलताना नाव तुटते. अनुस्वाराचा ठिपका ही दुसरी अडचण. ‘पंढरी’तला ‘पं’ सोलताना तो ठिपका कचऱ्याबरोबर निघून जातो आणि दाबून झाल्यावर ‘पढरी’ उरते. म्हणून अनुभवी लोक बारीक नावांसाठी ठिपका थोडा मोठा करतात.

उलटे करायला विसरण्याची चूकही देवनागरीत उशिरा लक्षात येते. शब्द उलटा असला तरी शिरोरेषा वरच राहते, त्यामुळे वरवर नजर टाकली तर सगळे जागेवर दिसते.

सोललेली आकृती कापडावर ठेवून साधारण १५०° ते १६०° से. तापमानाला १० ते १५ सेकंद दाबतात. मग आधारफिल्म काढायची. काही माल गरम असताना सोलायचा असतो, काही थंड झाल्यावर. हे उत्पादकाने सांगितलेले असते आणि ते पाळावेच, नाहीतर फिल्मबरोबर अक्षराची कडही उचलली जाते. एका विनाइलला एकच रंग असतो. दोन रंग हवे तर दोनदा कापायचे आणि थरावर थर द्यायचा. बहुरंगी चित्रासाठी छापता येणारे विनाइल मिळते, पण त्याला वेगळा प्रिंटर लागतो.

सब्लिमेशनची रीत : घन पदार्थ द्रव न होता थेट वायू होतो, या क्रियेला शाळेच्या पुस्तकात संप्लवन म्हणतात. झाकण सैल राहिलेल्या डबीत कापराची वडी आपोआप झिजते, ती याच क्रियेने. सब्लिमेशनच्या शाईतले डिस्पर्स रंगही तापल्यावर असेच वागतात.

शाई आधी खास कागदावर उलट्या चित्राच्या रूपात छापतात. यासाठी पिझो पद्धतीचे डोके असलेला प्रिंटर लागतो; शाई तापवून उडवणारे डोके या रंगांना चालत नाही. छापलेला कागद पाहून नवख्याचा हिरमोड होतो. लाल विटकट, काळा तपकिरी, सगळे चित्र धूळ बसल्यासारखे. मग कागद पांढऱ्या पॉलिएस्टर कापडावर पालथा घालून सुमारे २००° से. ला ४५ ते ६० सेकंद दाबतात. कागद उचलला की कापडावर तेच रंग एकदम उजळ होऊन आलेले असतात. हे कितीही वेळा पाहिले तरी हात क्षणभर थांबतोच.

त्या मिनिटभरात कापडात बरेच काही घडते. पॉलिएस्टरचे लांब रेणू थंड असताना घट्ट बसलेले असतात. ७०° ते ८०° से. च्या पुढे त्यांची पकड सैल होऊ लागते आणि २००° पर्यंत त्यांच्यात रंगाच्या वायुरूप रेणूंना शिरण्याइतकी जागा होते. कापड थंड झाले की वाट पुन्हा बंद होते आणि रंग आत अडकतो. पॉलिएस्टर २५० अंशांच्या पुढे वितळते, म्हणून या उष्णतेत धागा शाबूत राहतो. छापलेल्या जागेवरून बोट फिरवले तर काहीच लागत नाही. घाम आणि हवा पूर्वीसारखीच आरपार जाते. रंगाला वेगळा थरच नसल्यामुळे तो सोलला जाण्याचा वा तडकण्याचा प्रश्न येत नाही.

सुती धाग्यात हे घडत नाही. कापसाचा सेल्युलोज पाण्याशी मैत्री करणारा आणि डिस्पर्स रंग पाण्यापासून दूर राहणारे, त्यामुळे रंग वरवर राहतो आणि धुण्यात जातो. पॉलिएस्टर-कॉटन मिश्रणाच्या, म्हणजे बाजारात ‘पीसी’ म्हणतात त्या कापडावर फक्त पॉलिएस्टरचा वाटा रंगतो आणि चित्र फिके दिसते. दुसरी मर्यादा रंगांची. ही शाई पारदर्शक असते आणि तिच्यात पांढरा नसतो. चित्रातला पांढरा हा कापडाचाच पांढरा. म्हणून काळ्या टी-शर्टवर सब्लिमेशन होत नाही. चहाच्या मगवर फोटो छापतात तो याच पद्धतीने, पण त्या मगवर आधी पॉलिएस्टरसारख्या द्रव्याचा लेप दिलेला असतो.

कापड ओळखणे : लेबलावर भरवसा नसेल तर शिवणीच्या आतला एक धागा ओढून चिमट्यात धरावा आणि काडी लावावी. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा, मागे मऊ राख. पॉलिएस्टरचा धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी उरतो. मिश्रणात दोन्ही खुणा दिसतात. ही दोन मिनिटांची चाचणी न करता सुती कपड्यावर सब्लिमेशन करून देणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे, मग ती अजाणता झालेली का असेना. दुकानातून नेताना चित्र ठीक दिसते, पहिल्या धुण्यानंतर खरे कळते.

निवड : गडद सुती टी-शर्ट, एक-दोन रंगांतली अक्षरे, दोन-चार नग, असे काम असेल तर विनाइल घ्यावे. सोनेरी, चमकीचे, मखमली, अंधारात चमकणारे असे पृष्ठभाग हवे असतील तरीही विनाइलच, कारण सब्लिमेशनला ते जमत नाही. नायलॉनवर वेगळ्या गोंदाचे विनाइल लागते. उलट फोटो, रंगांच्या छटा, जर्सीभर पसरलेली नक्षी, प्रायोजकांची दहा बोधचिन्हे असतील आणि कापड पांढरे पॉलिएस्टर असेल तर सब्लिमेशनला पर्याय नाही. विनाइलचे श्रम आकाराच्या गुंतागुंतीवर वाढतात. सब्लिमेशनमध्ये एक अक्षर आणि शंभर रंगांचे चित्र यांना दाबायला तेवढाच वेळ लागतो.

खेळाच्या पूर्ण रंगीत जर्सी शिवल्यानंतर छापत नाहीत. पाठ, पोट, बाह्या यांचे भाग आधी कागदावर छापतात, मोठ्या कामात तापवलेल्या फिरत्या रुळावरून कापडावर उतरवतात, मग कापून शिवतात. तयार टी-शर्ट छापला तर बगलेत आणि शिवणीच्या घडीत पांढऱ्या रेघा राहतात.

दहीहंडीचे गोविंदा पथक हे महाराष्ट्रातले बोलके उदाहरण. टी-शर्ट दिवसभर भिजतो, सुकतो, पुन्हा भिजतो. थरावर थर चढताना प्रत्येकाच्या खांद्यावर पाय पडतात. पातळ पॉलिएस्टर लवकर सुकते आणि त्यावरच्या सब्लिमेशनला उकलायला काही नसते, म्हणून इथे ती पद्धत शोभते. मात्र हे काम नेमके पावसाळ्यात येते, आणि ओल हा सब्लिमेशनचा शत्रू. दमट कागदातून दाबाखाली वाफ सुटते, रंग पसरतो, डाग पडतात. म्हणून कापड आधी काही सेकंद कोरडेच दाबून घेतात आणि कागद बंद पिशवीत ठेवतात. कापडावर पडलेला एखादा सुटा तंतूही दाबाखाली निळा ठिपका होऊन उमटतो, त्यासाठी चिकट रूळ फिरवतात.

दोन्ही पद्धती एकत्र आल्या तर : संघाच्या जर्सी सब्लिमेशनने तयार असतात, नंतर एक खेळाडू वाढतो, आणि कोऱ्या पाठीवर विनाइलने पांढरे नाव लावायचे ठरते. लावल्यावर नाव शुभ्र दिसते. काही तासांत किंवा दिवसांत ते गुलाबी पडू लागते. विनाइल दाबताना लागलेली उष्णता जर्सीतल्या लाल रंगाला पुन्हा जागे करते आणि तो रंग वर चढून पांढऱ्या थरात मुरतो. धुऊन हा डाग जात नाही. यासाठी कमी तापमानाला चिकटणारे, आत गडद अडथळा-थर असलेले विनाइल मिळते. रंगीत पॉलिएस्टरवर पांढरे नाव लावून घेणाऱ्याने तेच मागावे.

टिकाऊपणा आणि निगा : विनाइलचा कपडा पहिले २४ तास धुऊ नये, नंतर उलटा करून थंड पाण्यात धुवावा आणि चित्रावर थेट इस्त्री फिरवू नये. कड उचलली तर वर टेफ्लॉनचा कागद ठेवून पुन्हा दाबता येते. छातीभर मोठा विनाइलचा पट्टा मात्र घाम आत कोंडतो, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो अंगाला नकोसा होतो. सब्लिमेशन धुण्याला चांगले टिकते, पण सतत कडक उन्हात राहिले तर रंग हळूहळू उतरतात. वाळत घालताना सावली बरी.

अलीकडच्या काही वर्षांत डीटीएफ ही तिसरी पद्धत दुकानांत आली आहे. फिल्मवर पांढऱ्यासह सर्व रंग छापून त्यावर गोंदाची भुकटी टाकून ती दाबतात. कोणत्याही कापडावर आणि रंगावर चालते, वीडिंगही लागत नाही, त्यामुळे विनाइलची बरीच कामे तिच्याकडे गेली आहेत. तीही रंग कापडावर चिकटवणारीच आहे, म्हणून कुळाने ती विनाइलची बहीण.

चूक दुरुस्तीच्या बाबतीत विनाइल आणि सब्लिमेशन यांत मोठे अंतर आहे. विनाइलचे चुकलेले नाव पुन्हा गरम करून, चिमट्याने सोलून, गोंदाचे डाग काढून बदलता येते. सब्लिमेशनचे नाव धाग्यात गेलेले असते. दीर्घ वेलांटीच्या जागी ऱ्हस्व पडली तर पाठीचा अख्खा भाग नव्याने छापून शिवावा लागतो. म्हणून कागद छापण्याआधी नीट काम करणारा माणूस संघातल्याच कुणाला तरी समोर बसवतो आणि नावांची यादी एकेक करून मोठ्याने वाचून घेतो.